एका वाक्याची फाळणी : मानवी अपव्यापाराची व्याख्या आणि वेश्याव्यवसायाचा कायदा

१.

१९८१ साली अश्विनी सरीन या पत्रकाराने 'इंडियन एक्स्प्रेस'साठी एक धाडस केले. या देशात बायकांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी त्याने स्वतःच एक बाई विकत घेतली आणि त्या खरेदीची हकिगत छापली. विजय तेंडुलकरांनी त्यावरून 'कमला' लिहिले. नाटकातला जयसिंग जाधव विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो, तिच्यावर नाही नाही ते प्रश्न झडतात, हशा पिकतो. काम झाल्यावर तिची रवानगी महिलाश्रमात होते. जाधवाची बातमी सिद्ध झालेली असते, पण कमलाला कुठे जायचे आहे हे तिला कोणी विचारलेले नसते.

या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लिखाण पत्रकाराच्या महत्त्वाकांक्षेबद्दल आणि सरिता या त्याच्या पत्नीला आलेल्या भानाबद्दल आहे, आणि ते योग्यच आहे. मला मात्र 'कमला' हे व्याख्येचे नाटक वाटते. जाधवाची व्याख्या सरळ आहे : पैसे मोजले, माणूस मिळाला, म्हणजे व्यापार झाला. रात्रीच्या प्रवेशात कमला सरितेला भोळेपणाने विचारते, की तुला मालकाने केवढ्याला घेतले. या एका प्रश्नाने जाधवाची व्याख्या त्याच्याच घरात शिरते. कमलाच्या लेखी घर चालवणे, शेज करणे, पोर जन्माला घालणे आणि राबणे ही वेगवेगळी खाती नाहीत. तिला दिसते ते एवढेच, की कोणाच्या तरी ताब्यात बाई आहे आणि तो ताबा कशाच्या तरी बदल्यात मिळाला आहे.

वेश्याव्यवसायाचा कायदा आणि मानवी अपव्यापाराची व्याख्या यांबद्दल गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी कमलाचाच प्रश्न आहे. गुन्हा कशात आहे? कामात, की ताब्यात? या लेखात मी आपल्या कायद्याची वाक्ये एखाद्या साहित्यकृतीतली वाक्ये वाचावीत तशी वाचणार आहे. कर्ता कोण, कर्म कोण, कोणता शब्द कधी आला आणि कधी गळला, हे पाहणार आहे. कायदा हाही अखेर गद्याचाच एक प्रकार आहे. फरक इतकाच, की त्यातल्या चुकीच्या शब्दाची किंमत लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाही.

२.

आधी आपल्याच शब्दांकडे पाहू. इंग्रजीतल्या 'ट्रॅफिकिंग'साठी मराठीत आज तीन शब्द चालतात. वर्तमानपत्रे 'मानवी तस्करी' म्हणतात. तस्करी म्हटले की डोळ्यांसमोर येते रात्र, सीमा, लपवलेला माल. प्रत्यक्षात शेजारच्या तालुक्यातून ओळखीच्या बाईबरोबर एस.टी.ने दिवसाढवळ्या आलेली मुलगी या शब्दात बसत नाही. पोलीस खाते 'अनैतिक मानवी वाहतूक' म्हणते आणि त्या नावाचे कक्षही आहेत. इथे 'ट्रॅफिक'चे थेट रस्त्यावरचे भाषांतर झाले आहे. वाहतूक अनैतिक कशी असते, हे त्या पाटीसमोर उभे राहणाऱ्यालाच ठाऊक. तिसरा शब्द संविधानाच्या मराठी पाठातला : 'अपव्यापार'. हा शब्द बोलीत रुळला नाही, पण तिघांमध्ये तोच नेमका आहे. तो प्रवासाबद्दल बोलत नाही, सीमेबद्दल बोलत नाही. जिचा व्यापार होता कामा नये अशा गोष्टीचा व्यापार, एवढेच तो सांगतो.

आणि या तिन्ही शब्दांच्या खाली, चौकीत आणि वस्तीत, चौथा शब्द चालतो : 'पिटा'. १९५६च्या कायद्याच्या सुधारित इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून तो आला. 'पिटा लागला', 'पिटाखाली उचलले' असे वस्तीतल्या बायका म्हणतात. बातमीत तेच 'पीडित महिलांची सुटका' या शब्दांत येते आणि गिऱ्हाईक 'आंबटशौकीन' होऊन एका ओळीत निघून जाते. एकच प्रसंग, पण कायद्याच्या भाषेत ती सुटका आणि जिची सुटका झाली तिच्या भाषेत ती धरपकड. या दोन शब्दांमधले अंतर कुठून आले, ते शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३.

संविधानाचे २३वे कलम मानवी अपव्यापार आणि वेठबिगार, तसेच त्यासारखे सक्तीचे श्रम यांना मनाई करते. हे सर्व एका वाक्यात येते. मधे पूर्णविराम नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर (तेव्हा ते मसुद्यातले १७वे होते) चर्चा झाली, तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी देवदासी म्हणून अर्पण करण्याच्या प्रथेचा उल्लेख कलमातच असावा अशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. पण त्या दिवशीच्या चर्चेत देवाला सोडलेली मुलगी आणि जमीनदाराकडे फुकट राबणारा माणूस एकाच कलमाखाली उभे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राला हे शेजार अपरिचित नव्हते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडताना डॉ. आंबेडकरांनी वतनाच्या नावाखाली चाललेल्या वेठीवरच बोट ठेवले होते. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि हे जिणे सोडून द्या असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. वेठ आणि देवदासीपण, दोन्हींच्या मागे जात आहे, दोन्हींमध्ये माणसाचे शरीर दुसऱ्याच्या हक्काचे मानले गेले आहे, हे त्यांना दिसत होते. २३व्या कलमातले ते 'आणि' या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

पुढे त्या वाक्याची फाळणी झाली. पूर्वार्ध एका कायद्याकडे गेला, उत्तरार्ध दुसऱ्याकडे. भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क इथे संयुक्त राष्ट्रांच्या १९४९च्या करारावर सही केली होती. त्या कराराला अनुसरून १९५६ साली स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराच्या दमनाचा कायदा आला. 'अपव्यापार' या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून व्यवहारात 'वेश्याव्यवसाय' एवढाच उरला. वेठबिगारीचा कायदा यायला आणखी वीस वर्षे लागली. तो आला १९७६ साली, आणीबाणीत. पहिला कायदा पोलिसांच्या हाती गेला, दुसरा जिल्हाधिकाऱ्यांच्या. पहिल्याच्या नावात 'अनैतिक' आहे, दुसऱ्याच्या नावात नीतीचा उल्लेखही नाही. कर्जाखाली राबणाऱ्या मजुराच्या चारित्र्याची चौकशी करावी असे कोणाला वाटले नाही.

ही फाळणी भारताने एकट्याने केली असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आंतरराष्ट्रीय करारांत या गुन्ह्याचे नाव 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' असे होते. गोरी मुलगी परदेशी कुंटणखान्यात जाते, ही युरोपची धास्ती त्यामागे होती. त्याच काळात वसाहतींमध्ये करारावर नेलेले मजूर जहाजांतून जात होते, पण त्यांच्यासाठी तो शब्द वापरला गेला नाही. व्याख्या जन्मापासूनच एका डोळ्याने पाहत होती.

४.

आता १९५६चा कायदा वाचू. मूळ व्याख्येत वेश्याव्यवसाय म्हणजे स्त्रीने पैशाच्या वा वस्तूच्या बदल्यात अनेकांशी संभोगासाठी आपले शरीर देऊ करणे. वाक्य कठोर आहे, पण त्यात स्त्री कर्ता आहे. ती 'देऊ करते'. १९८६च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली. आता वेश्याव्यवसाय म्हणजे व्यापारी हेतूने व्यक्तींचे लैंगिक शोषण किंवा दुरुपयोग. कायद्याचे नावही बदलून 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध)' झाले. नव्या वाक्यात स्त्री कर्ता राहिली नाही. ती शोषणाचे कर्म झाली. हेतू चांगला होता, दोष तिच्यावरून काढून शोषकावर टाकायचा होता.

पण व्याख्या बदलली आणि बाकीची कलमे जागच्या जागी राहिली. आठवे कलम सार्वजनिक ठिकाणी वेश्याव्यवसायासाठी खुणावणाऱ्याला, बोलावणाऱ्याला शिक्षा सांगते. त्यात 'वेश्याव्यवसाय' या शब्दाच्या जागी १९८६ची व्याख्या घालून पाहा. अर्थ निघतो तो असा : जी स्त्री आपले शोषण व्हावे म्हणून खुणावील, तिला पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे पीडित आणि आरोपी एकच. इतकेच नाही. हाच गुन्हा पुरुषाने केला तर त्याला किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने. स्त्रीला मात्र याखेरीज 'सुधार संस्थे'त दोन ते पाच वर्षे ठेवण्याची तरतूद १०-अ कलमात आहे. शोषणाची व्याख्या करणाऱ्या कायद्यात शोषिताची शिक्षा शोषकाच्या साथीदारापेक्षा मोठी आहे. मसुदा लिहिणाऱ्याचा हात अडखळला असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. कायद्याने तिला पीडित म्हटले, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

पाचवे कलम आणखी बोलके आहे. वेश्याव्यवसायासाठी व्यक्ती मिळवणे हा गुन्हा, 'तिच्या संमतीने वा संमतीविना'. मनाविरुद्ध असेल तर शिक्षा वाढते, एवढाच संमतीला मान. आणि सतराव्या कलमाप्रमाणे सोडवून आणलेल्या स्त्रीबद्दल दंडाधिकारी चौकशी करतात. तिचे वय, चारित्र्य, पूर्वेतिहास पाहतात आणि तिला ताब्यात घ्यायला तिचे आई-वडील, पालक वा नवरा योग्य आहेत का हेही पाहतात. मग तिला एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवता येते. सज्ञान स्त्रीबद्दल 'ताबा' हा शब्द कायद्याने वापरावा, आणि तोही तिला दुसऱ्याच्या ताब्यातून सोडवताना! कमलाने सरितेला विचारलेला प्रश्न इथे दंडाधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत येतो.

या सगळ्यात एक गोष्ट नाही. ज्या 'अनैतिक व्यापारा'च्या प्रतिबंधासाठी हा कायदा आहे, त्या व्यापाराची व्याख्याच त्यात नाही.

५.

ती व्याख्या जगाला मिळाली १५ नोव्हेंबर २००० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये. तिचा मसुदा होत असताना स्त्री-संघटनांचे दोन गट व्हिएन्नाच्या बैठकांत समोरासमोर होते. एका गटाचे म्हणणे, वेश्याव्यवसाय हेच मुळात शोषण आहे. त्यात संमतीचा प्रश्नच येत नाही, तेव्हा संमतीचा विचार व्याख्येबाहेर ठेवा. दुसऱ्याचे म्हणणे, सक्ती आणि फसवणूक हाच गुन्ह्याचा गाभा. तो काढलात तर हे काम पोटासाठी करणाऱ्या सज्ञान बाईलाच तुम्ही पोलिसांच्या हवाली कराल.

तडजोड झाली ती अशी : कृती, साधन आणि हेतू या तीन गोष्टी मिळून अपव्यापार. कृती म्हणजे भरती करणे, नेणे, ठेवून घेणे. साधन म्हणजे धाक, बळ, फसवणूक, सत्तेचा वा असहायतेचा गैरफायदा. हेतू म्हणजे शोषण. यांतले साधन वापरलेले असेल तर संमतीला अर्थ नाही. बालकाच्या बाबतीत साधन सिद्ध करण्याचीही गरज नाही. शोषणाच्या यादीत 'दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाचे शोषण' हे शब्द आहेत, पण त्यांचा अर्थ मुद्दाम सांगितलेला नाही. प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याप्रमाणे तो लावावा. वाद मिटला नाही, फक्त प्रत्येक देशाच्या राजधानीत पाठवला गेला. त्याच सुमारास स्वीडनने गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले होते, तर २००३ साली न्यूझीलंडने हा व्यवसाय फौजदारी कायद्याच्या बाहेर काढला. दोघेही पालेर्मोच्या व्याख्येचेच नाव घेतात.

आपल्याकडे तो वाद पोहोचला २०१३च्या आरंभी. दिल्लीतल्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समितीचा अहवाल आला. पाठोपाठ ३ फेब्रुवारीला अध्यादेश निघाला. भारतीय दंड विधानाच्या ३७०व्या कलमात प्रथमच अपव्यापाराची व्याख्या आली. अध्यादेशात शोषणाच्या यादीत 'वेश्याव्यवसाय' हा शब्द होता. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या स्त्रियांना त्रास देण्याचा आपला हेतू नव्हता, असे वर्मा समितीकडूनही स्पष्ट करण्यात आले. संसदेने कायदा केला तेव्हा तो शब्द गळला.

याबद्दल बरेच लिहिले गेले. त्याच वेळी दुसरा एक शब्द गळला, त्याबद्दल फार कमी बोलले गेले. अध्यादेशात 'सक्तीचे श्रम वा सेवा' असे शब्द होते. कायद्यात ते नाहीत. त्यांच्या जागी 'शारीरिक शोषण' असा मोघम शब्द आला. पालेर्मोतला 'असहायतेचा गैरफायदा'ही आपल्या व्याख्येने घेतला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमात यादी जवळपास तशीच आहे, तिच्यात भीक मागायला लावण्याची भर पडली आहे. सक्तीचे श्रम तिथेही नावाने नाहीत. म्हणजे २३व्या कलमाच्या उत्तरार्धाला पूर्वार्धाकडे परत आणण्याची एक संधी २०१३ साली आली होती. दोन महिन्यांत ती आली आणि गेली.

६.

या गळलेल्या शब्दाची किंमत काय, ते पाहायला दूर जायला नको. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाने हंगामापूर्वी 'उचल' दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे बाईचे नाव हिशेबात वेगळे येतच नाही. हंगाम संपला तरी उचल फिटतेच असे नाही, मग उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढते. मधे कोयता खाली ठेवून दुसरीकडे कामाला जायची सोय नाही. पाळी, बाळंतपण, आजार, सगळे तोडीच्या वेळापत्रकात. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके वाढले, की २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली.

आता कामाठीपुऱ्यातल्या जुन्या पद्धतीचे कुलूप पाहा. मुलीला आणणाऱ्याला घरवालीने रक्कम दिलेली असते, ती मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढते. राहणे, खाणे, कपडे, औषध यांचा खर्च त्यात मिळत जातो. कर्ज फिटेपर्यंत बाहेर जायचे नाही. १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकुताई नावाच्या स्त्रीचा छळ करून जीव घेतला गेला. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. तो खटला मुंबईत गाजला. अश्विनी तांबे यांनी वसाहतकालीन मुंबईतल्या वेश्याव्यवसायाच्या कायद्यांवरील आपल्या अभ्यासात त्याची सविस्तर चर्चा केली आहे.

ऊसतोड आणि कुंटणखाना एकच आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांतल्या यातना वेगळ्या, लाज वेगळी, समाजाने दिलेली जागा वेगळी. पण बांधून ठेवणारी दोरी एकाच पिळाची आहे : आगाऊ रक्कम, न फिटणारा हिशेब, बंद झालेला परतीचा रस्ता. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत हे सारे जवळपास शब्दशः बसते. तरीही एका ठिकाणी छापा पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीच येत नाही. जिथे छापा पडतो तिथे बाईला नेतात, जिथे पडत नाही तिथे ती राहते. दोन्हींकडे तिची उचल कोणी माफ करत नाही. वेठबिगारीचा कायदा कर्ज रद्द झाले असे स्पष्ट म्हणतो. वस्तीतली बाई मात्र संरक्षणगृहातून सुटते तेव्हा घरवालीचे जुने कर्ज, वकिलाचे नवे कर्ज आणि बुडालेल्या महिन्यांचे भाडे तिची वाट पाहत असते.

७.

इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते वरवरचे नाही. 'संमती' हा शब्द पोट भरलेल्यांना सोपा वाटतो, असे ते सांगतात. कामाठीपुऱ्यात १९८६पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा'सारख्या संस्थेने वस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर काढले, कारण आईचे काम आणि मुलीचे भविष्य यांत एका पडद्याचेच अंतर होते. देवदासी म्हणून सोडलेली दलित मुलगी मोठी झाल्यावर 'मी माझ्या मर्जीने करते' म्हणाली, तर त्या मर्जीत किती पिढ्यांची सक्ती मुरलेली आहे? २००५ साली डान्सबार बंदीच्या वेळी महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीत जी फूट दिसली, तिच्या तळाशी हाच प्रश्न होता. दलित स्त्रीवाद्यांपैकी अनेकींनी विचारले, की जातीने लादलेल्या करमणुकीला 'उपजीविकेचा हक्क' म्हणायचे का?

उलट सांगलीच्या 'संग्राम'ने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने 'वेश्या' हा शब्दच उलटून हातात घेतला. आम्हाला सोडवू नका, आमच्यावरचा अन्याय थांबवा, असे त्या म्हणाल्या. संघटनेच्या नावात मुक्ती आहे, पण ती अन्यायापासून आहे, व्यवसायापासून नव्हे.

या दोहोंमध्ये निवड करण्यापूर्वी दोन दाखले समोर ठेवावेसे वाटतात.

पहिला दाखला १९८२चा. दिल्लीत आशियाई स्पर्धांसाठी बांधकामे चालू होती आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सक्ती केवळ चाबकाची नसते, भूकही सक्ती करते. किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल, तर ते २३व्या कलमातले सक्तीचे श्रमच होत. न्या. भगवतींचा हा निकाल दुसऱ्या बाजूच्या मुद्द्याला पुरेपूर बळ देतो : गरिबीतली संमती ही खरी संमती नव्हे. पण पुढे काय झाले ते पाहा. न्यायालयाने मजुरांना उचलून 'संरक्षणगृहा'त ठेवले नाही. बांधकाम अनैतिक ठरवले नाही. मजुरांचे चारित्र्य तपासले नाही. वेतन द्या, कामगार कायदे पाळा, असे सांगितले. सक्ती तीच, पण एका प्रकरणात तिचे उत्तर मजुरी आणि दुसऱ्या प्रकरणात कुलूप, हे कशाच्या आधारावर?

दुसरा दाखला यापेक्षा अवघड, कारण तो पहिल्याला उत्तर देऊ पाहतो. काही कामे अशी असतात की त्यांत वेतन वाढवून न्याय होत नाही. ते कामच संपले पाहिजे. हाताने मैला साफ करणे हे तसे काम. तिथे आपण संमती विचारत नाही आणि विचारूही नये. वेश्याव्यवसायही त्याच जातीचा आहे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला आदरणीय वाटतो. मग तो शेवटपर्यंत नेऊन पाहू. मैला सफाईच्या २०१३च्या कायद्यात शिक्षा आहे ती काम करवून घेणाऱ्याला. करणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी रोख मदत आहे, घर आहे, मुलांना शिष्यवृत्ती आहे, प्रशिक्षण आहे, आणि या गोष्टी देताना त्याची इच्छा लक्षात घ्यावी असे कायदा सांगतो. कोणालाही एक ते तीन वर्षे डांबून ठेवून 'पुनर्वसन' करण्याची कल्पना त्यात नाही. म्हणजे ज्यांना हा व्यवसाय संपवायचा आहे, त्यांच्याच कसोटीवरही १९५६चा कायदा नापास होतो. तो श्रम म्हणून न्याय देत नाही आणि अन्यायकारक प्रथा म्हणूनही न्याय देत नाही.

वादाच्या दोन्ही बाजूंना इथे एक समान जमीन आहे असे मला वाटते. हे काम हवे की नको, यावर त्यांचे एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण अपव्यापाराची व्याख्या कामावरून न करता ताब्यावरून करावी, अल्पवयीनांच्या बाबतीत संमतीचा प्रश्न काढूच नये, आणि ताब्यातून सुटलेल्या सज्ञान माणसाला कायद्याने पुन्हा दुसऱ्या ताब्यात देऊ नये, यावर दोघांनाही हरकत घेणे कठीण आहे. अशी व्याख्या लावली तर कुंटणखान्यातले कुलूप तिच्यात येईल, वीटभट्टीवरचे येईल, उसाच्या फडातली उचलही येईल. आणि जिथे कुलूप नाही तिथे पोलिसांना जायचे कारण उरणार नाही.

८.

न्यायालये या दिशेने अडखळत का होईना सरकत आहेत. मुंबईतल्या एका छाप्यात 'सोडवलेल्या' तीन सज्ञान तरुणींना त्यांच्या इच्छेविरुद्ध संस्थेत ठेवण्याचे आदेश झाले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. या कायद्यात वेश्याव्यवसाय करणे हाच गुन्हा आहे असे कुठेही म्हटलेले नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय व निवास निवडण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने नमूद केले. १९५६चाच कायदा, तीच कलमे. फक्त ती वाचणाऱ्याने या वेळी स्त्रीला कर्ता मानून वाचली.

१९ मे २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जास्त गाजला. १९९९ साली कोलकात्यात एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा खून झाला. त्या खटल्यातून निघालेल्या प्रकरणात न्यायालयाने २०११ साली समिती नेमली होती. तिच्या काही शिफारशी न्यायालयाने अमलात आणायला सांगितल्या : पोलिसांनी सन्मानाने वागावे, लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला तत्काळ वैद्यकीय मदत मिळावी, माध्यमांनी ओळख उघड करू नये, संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याचा विचार व्हावा. दुसऱ्या दिवशी अनेक वर्तमानपत्रांनी मथळा दिला, की वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता मिळाली. आदेश नीट वाचला तर तसे नाही. संमतीने काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये ही शिफारस, केंद्र सरकारने ज्यांवर आक्षेप नोंदवले त्यांपैकी होती. म्हणजे नेमका तो प्रश्न अजून उघडाच आहे. १९५६चा कायदा बदलण्यासाठी २००६ साली आलेले विधेयक लोकसभेबरोबर विरले. अपव्यापाराचे २०१८चे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेपर्यंत पोहोचलेच नाही. पुढचा मसुदा जेव्हा येईल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावरची व्याख्या वाचताना आपण काय शोधायचे, ते आताच ठरवून ठेवावे. 'सक्तीचे श्रम' हे शब्द परत आले आहेत का? वाक्यात सुटका झालेली व्यक्ती कर्ता आहे की कर्म? तिचे कर्ज रद्द झाले असे कुठे म्हटले आहे का? आणि तिला कुठे जायचे आहे, हे विचारायची जबाबदारी कोणावर टाकली आहे?

'कमला'मध्ये शेवटी सरितेला आपल्या घराचा हिशेब कळतो. नाटक तिच्या जागे होण्यावर थांबते आणि आपण समाधानाने घरी जातो. कमला मात्र त्याआधीच रंगमंचावरून गेलेली असते. आश्रमात. तिथे तिने कोणाला काय विचारले, हे नाटक सांगत नाही. कायद्याने ते तरी ऐकून घ्यायला हवे होते.